तळ्याकाठचा फोटो

सकाळी डोंगरावरचं इंग्रज साहेबाच्या काळातलं गाव पाहिलं, दुपारी तळ्यावर आलो. मुलगा-सून होडीत बसले. काठावरच्या फोटोवाल्याने आम्हा दोघांना उभं केलं. फोटोसाठी चष्मा काढून खिशात ठेवायची यांची जुनी सवय. मग यांना चार हातांपलीकडचं काही दिसत नाही.

"आजोबा, आजींच्या खांद्यावर हात ठेवा की!"

"अहो, लोक बघतायत," हे पुटपुटले. लग्न झाल्यापासून मी हेच ऐकत आलेय. पण ठेवला बाई एकदाचा हात.

फोटो निघाला. फोटोवाला लांबूनच 'झालं' अशी खूण करून दुसऱ्या जोडप्याकडे वळला.

"झालं का गं?" यांनी विचारलं.


"हलू नका," मी म्हटलं. "अजून काढतोय."