वीस म्हणजे वीस

साहेबांच्या गाडीने तीनदा हॉर्न वाजवला, तरी नाक्यावरच्या मावशींनी आडवा बांबू काही उचलला नाही.

“आजचे वीस पाहुणे झाले. उद्या या.”

गेल्या उन्हाळ्यात पर्यटकांची झुंबड उडाली आणि गावचा एकुलता एक झरा आटला. तेव्हापासून दिवसाला बाहेरची वीसच माणसं आत सोडायची, असं गावानं ठरवलं होतं.

“मी पर्यटन खात्याचा अधिकारी आहे! एका सहीत तुमच्या गावाचं नाव यादीतून उडवीन.”

“उडवा की! यादीत नव्हतो तेव्हा घागर तरी भरत होती.”

साहेबांनी सूर बदलला. “अहो मावशी, नियम परक्यांना. मला घरचाच समजा.”

“मग तर प्रश्नच मिटला,” म्हणत मावशी झाडाखालच्या बाकाकडे वळल्या. तिथे नवाकोरा शर्ट घातलेला एक तरुण मिठाईचा पुडा मांडीवर घेऊन मघापासून मुकाट बसला होता.

“जावईबापू, जरा सरकून बसा. उद्याच्या नंबराचं आणखी एक घरचं माणूस आलंय.”