पक्षी विभागातली वटवाघळं

पाखरूकाकांच्या शर्टाच्या आत काहीतरी चीं करून ओरडलं आणि नव्या अधिकारी बाईंनी वहीतून मान वर केली. काकांनी ताबडतोब खोकल्याची उबळ काढली. चांगली लांबलचक काढली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"बरं नाहीये का, काका?"

"छातीत जरा चीं चीं होतंय," काका म्हणाले. म्हटलं तर ते खरंच होतं.

प्राणिसंग्रहालयाच्या पक्षी विभागात काका बावीस वर्षं रखवालदार होते. पोपटांपासून गिधाडांपर्यंत सगळ्यांचं दाणापाणी त्यांच्याकडे, पण जीव जडला होता तो शेवटच्या पिंजऱ्यातल्या सतरा वटवाघळांवर. कुणा जुन्या साहेबांनी 'उडतंय ना, मग टाका पक्ष्यांत' म्हणून त्यांना इथे धाडलं होतं. त्या साहेबांचे उपकार काका अजून विसरले नव्हते. आणि आता या बाई आल्या, प्राण्यांचं वर्गीकरण शिकून. आठ दिवसांत त्यांनी निम्मं प्राणिसंग्रहालय इकडचं तिकडे केलं. वटवाघळं सस्तन ठरली तर ती पलीकडच्या सस्तन विभागात जाणार, आणि तिथले मुख्य रखवालदार म्हणजे काकांचे साडू. साडूंना वटवाघळांची भयंकर किळस. ती उलटी लटकलेली बघूनच त्यांचं डोकं फिरायचं. अशा माणसाच्या हाती आपली पोरं द्यायची, या विचारानं काकांना धड जेवण जात नव्हतं.

म्हणून आज काकांनी कंबर कसली होती.

"मॅडम, पक्षीच आहेत हो हे. उडतात की!"

"विमानही उडतं. तेही ठेवायचं का पिंजऱ्यात?" बाई जाळीला नाक लावून आत बघत होत्या. "अंगावर केस दिसतायत मला."

"केस कुठले? बारीक पिसं आहेत ती."

"आणि चोच?"

"झोपताना आत घेतात," काका बोलून गेले, आणि आपल्या तोंडून काय बाहेर पडलं ते ऐकून स्वतःच ओशाळले.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी वही मिटली. "काका, उडण्यापोहण्यावर काही ठरत नाही. देवमासा जन्मभर पोहतो, म्हणून मासा होत नाही. अंडी घालणारेही दोनचार सस्तन आहेत जगात. पण पिलाला दूध पाजतो तो सस्तन, इथे वाद संपतो. तुम्ही यांच्यात पिलाला दूध पाजताना पाहिलंय की नाही? खरं सांगा."

"छे छे," काका म्हणाले. "दाणे टिपतात."

खरं म्हणजे चारच दिवसांपूर्वी एका मादीनं आपलं पिल्लू खाली टाकलं होतं आणि काही केल्या ती ते परत घेईना. तेव्हापासून ते काकांच्या शर्टात मुक्कामाला होतं. दर दोन तासांनी त्याला ड्रॉपरनं दूध लागायचं. काकूंनी शर्टाला आतून मऊ खिसा शिवून दिला होता आणि देता देता विचारलं होतं, "आपल्या पोरांच्या वेळी कुठे होती ही माया?"

दोन तास नेमके आत्ता भरले. पिल्लू कॉलरमधून वर आलं, काकांच्या छातीवर इकडे तिकडे चाचपडलं, आणि शर्टाचं दुसरं बटण तोंडात धरून जोरजोरात चोखायला लागलं.

बाई बघत राहिल्या. काकांनी डोळे मिटून घेतले.

"हे अंड्यातून निघालं का?" बाईंनी विचारलं.

पिल्लू कळवळत होतं, भांडण नंतर करता आलं असतं. काकांनी खिशातून बाटली काढली, ड्रॉपर भरला आणि तिथेच, बाईंच्या समोर, पिलाला छातीशी धरून थेंब थेंब दूध पाजलं. पोट भरल्यावर त्याचं तोंड पुसलं. मग म्हणाले, "लिहा मॅडम. सस्तन आहेत. हरलो मी. फक्त साडूंना सांगा, दूध कोमट लागतं. आणि पाजून झालं की जरा वेळ जवळ धरायचं, एकदम खाली नाही ठेवायचं."

बाईंनी वही उघडली, बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडू स्वतः हुकमाचा कागद घेऊन आले. त्यांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला होता. काकांनी कागद उघडला. पक्षी विभागातून सस्तन विभागात तातडीनं हलवायचे, त्यांची यादी होती:

वटवाघळं सतरा. पिल्लू एक. रखवालदार एक.

खाली बाईंचा शेरा होता: 'यादीतल्या शेवटच्याला पिलाला दूध पाजताना मी समक्ष पाहिलं आहे.'