धडधडणारी बशी

मूलपेशी म्हणजे पुढे काय व्हायचं हे अजून न ठरलेली पेशी. ते ती एकटीच ठरवते, असं प्रयोगशाळेच्या मोठ्या सरांचं ठाम मत. म्हणून शेजारणींशी जुळलेले सांधे तोडून प्रत्येक पेशी सुटी वाढवायची, हा त्यांचा हुकूम.

आज सकाळी सुट्या पेशींच्या बशीत नेहमीसारखीच सामसूम होती. शेजारच्या बशीत मात्र कोणीतरी गुपचूप सांधे न तोडता पेशी वाढवल्या होत्या. त्या एकमेकींना घट्ट धरून चक्क हृदयासारख्या एका ठेक्यात धडधडत होत्या.

सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढले तेव्हा सर लालबुंद झाले होते. "हा आगाऊपणा कोणाचा? ज्याने केला तो आजच घरी जाईल!"

हाताखालच्या पाच संशोधकांतली सगळ्यांत धाकटी, जिला सारे चिमणी म्हणत, पांढरीफटक पडली.

"एकेकट्याला गाठलं की पोपटासारखे बोलाल. एकेक जण केबिनमध्ये या," म्हणत सर तरातरा निघून गेले.

"मीच केलं ते," चिमणी पुटपुटली.

"माहितीये गं. चल, उठ," म्हणत पाचांतल्या थोरल्या ताईंनी तिचा हात धरला.

केबिनचं दार उघडलं आणि पाचही जण एकदमच आत आले.

"एकेक जण म्हटलं होतं ना मी?"



"म्हटलं होतंत, सर. पण सुट्यांचं काय होतं, ते सकाळीच पाहिलंत ना?" चिमणीने ठणकावून विचारलं.