टाकीपर्यंत पोचलेला उजेड

२००४ साली, पार्किंगवरून ज्यांच्याशी रोजची कटकट, त्या देवस्थळ्यांनी नवी गाडी घेतली. म्हणून अच्युतरावांनी आपल्या जुन्या मारुतीला झगझगीत पांढरे दिवे बसवून घेतले. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, झोत वर जातोय. खाली सेट करून देतो."

"राहू दे! उजेड काय खड्डे बघायला घेतलाय?"

संध्याकाळी त्यांनी गेटजवळच्या चढावर, इमारतीकडे तोंड करून गाडी लावली आणि अख्ख्या सोसायटीला खाली बोलावलं. हाताची घडी घालून देवस्थळेही आले.

अच्युतरावांच्या पत्नी विजूताई मात्र घाईघाईने पुढे झाल्या. वाळलेले कपडे आणायला म्हणून गच्चीवर गेलेली त्यांची लेक शर्वरी तिथे एकटी नव्हती, हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

"अहो, उद्या दाखवा ना."

"तुला यातलं काय कळतंय?" अच्युतरावांनी दिवे लावले. "बघा देवस्थळे, थेट गच्चीवरच्या टाकीपर्यंत पोचतो!"

पोचला. टाकीला टेकून शर्वरी उभी होती आणि तिचा हात हातात घेऊन देवस्थळ्यांचा निखिलेश.

देवस्थळ्यांनी हाताची घडी सोडली. म्हणाले, "स्वच्छ दिसतंय हो सगळं."

दिवे दुसऱ्या दिवशीच उतरले. शर्वरी आणि निखिलेश आता बडोद्याला असतात. देवस्थळे व्याही झाले, तरी पार्किंगवरून शेवटपर्यंत भांडले आणि गेल्या वर्षी वारले. अच्युतराव आल्यागेल्याला सांगतात, "जावई मीच हेरला." आणि हे खोटं आहे, असं विजूताईंनाही म्हणता येत नाही.