ओठावरच्या खळ्या

सोनोग्राफीचा पडदा सोडून डॉक्टर माधवी जागृतीच्या सासूच्या, सोनुबाईंच्या तोंडाकडेच टक लावून बघत होत्या. जागृतीचं तिकडे लक्षच नव्हतं. बाळाचा वरचा ओठ फाटलेला दिसतोय, एवढं ऐकलं आणि तिला ती कात्री आठवली. ग्रहणाच्या दिवशी तिनं गुपचूप कात्रीनं दुधाची पिशवी कापली होती.

खरं तर त्या दिवशी सासूबाई दिवसभर तिच्या मागे लागल्या होत्या. कापू नको, चिरू नको. तशा त्या स्वतःही कधी विळीवर बसत नसत. सारं कडाव गाव त्यांची थट्टा करी. शेतात वाघीण, पण भाजी चिरायला सून लागते! सोनुबाई नुसत्या हसत. हसल्या की खालच्या ओठावरच्या दोन बारीक खळ्या उठून दिसत. त्यांच्या मुलाला, कमलेशलाही तश्शाच होत्या. त्या बघूनच तर जागृती त्याच्यावर भाळली होती.

"आई, माझं चुकलं," ती रडत म्हणाली. "ग्रहणात मी कात्री धरली."

सोनुबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. पण आधी बोलल्या त्या डॉक्टरच. ग्रहणाचा इथे काडीचाही संबंध नाही, म्हणाल्या. या खळ्या आणि तो ओठ, दोन्ही एकाच दोषाच्या खुणा वाटतात. व्हॅन डर वूड सिंड्रोम. फार थोड्या घरांत असतो, आणि आईबापांकडून मुलांत उतरतो. कुणाला नुसत्या खळ्या, कुणाचा ओठच फाटलेला. तपासून खात्री करू. बाळाला दूध पाजायला वेगळी बाटली मिळते, आणि तीन-चार महिन्यांनी ओठ शिवता येतो.

"म्हंजे इळी धरल्यानं काय होत नाय?" सोनुबाईंनी विचारलं. डॉक्टर नाही म्हणाल्या. सोनुबाईंनी तेच पुन्हा दोनदा विचारलं. मग कर्जतहून घरी येईपर्यंत त्यांनी सुनेचा हात सोडला नाही.

घरी आल्यावर जागृती स्वयंपाकाला लागली, तर सोनुबाईंनी तिला बाजूला सारलं. कोपऱ्यातली विळी ओढली आणि मांडी घालून दुधी चिरायला बसल्या. फोडी वेड्यावाकड्या पडत होत्या. जागृती बघतच राहिली.

"माजा पयला पोरगा असाच झाला होता गं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "दूध ओढता येत नवतं. आठ दिसांत गेला. आन् मी ग्रहणात दुधी चिरला होता."