विलायती शीड

माझे अब्बा पंचगंगेच्या घाटावर नावांची शिडं शिवायचे. त्या साली आकाराम नावाड्यानं मुंबईहून निम्म्या किमतीत विलायती शीड आणलं. अब्बांनी त्याला घाटावरच गाठलं.

"वीस वर्सं माझं शीड लावलंस. आता म्या काय खायाचं रं?"

आकाराम हसला. "चाचा, तुमच्या अंगातला सदरा कुठला हाय? विलायतीच न्हवं?"

अब्बांनी बाही चाचपली.

"आदी गल्लीतल्या इकबालनं इणलेलं कापड घालत हुतो," ते हळूच म्हणाले. "त्यो आता हातकणंगल्याच्या ठेसनावर हमाली करतोय. तिकडं गेलास तर इचार की, आनखी एका हमालाची जागा हाय का."