आबांचं मत

"मानेवर जाऊ नका, अध्यक्ष महाराज!" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं. "मानेवरून मत धरलंत, तर आबांना आजच विरोधी बाकांवर नेऊन बसवावं लागेल!"

सभागृह खो खो हसलं. आबांची मान हलतच होती. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून ती अशीच डावीउजवीकडे हलायची, कुणी काही विचारो वा न विचारो, सारखी नाही नाही म्हटल्यासारखी. चाकाच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या, त्यांना सांभाळणाऱ्या बाईने वाकून त्यांच्या ओठांच्या कडेची लाळ रुमालाने टिपली.

मतं समसमान पडली होती. उरलं होतं ते आबांचं एक. आबांच्याच पक्षाने आणलेलं विधेयक चार ओळींचं होतं: कागदपत्रांशिवाय देशात आलेल्यांना सरकारी दवाखान्यात यापुढे फुकट उपचार नाहीत. सकाळपासून त्यावर घसे कोरडे झाले होते. 'आपल्या ताटातलं ओरपणारे' म्हणून झालं, 'माणुसकी' म्हणून झालं. बाई खुर्चीमागे उभी राहून सगळं ऐकत होती. तिच्याकडे कागद नव्हते. तिच्या मुलीला दर महिन्याला सरकारी दवाखान्यात रक्त चढवावं लागे. थोडा उशीर झाला, तरी पोर पांढरीफटक पडायची. या दालनात हे एकट्या आबांना ठाऊक होतं. सकाळी दाढी करून घेताना ते म्हणालेही होते, "घाबरू नकोस, पोरी. मी आहे ना."

आबांचं बोलणं आता फक्त तिला कळे. बाकीच्यांना ती नुसती घशातली घरघर वाटायची, अगदी पोटच्या मुलालाही. तिच्या आधी सांभाळायला असलेल्या माणसाला आबांनी हाकललं होतं, कारण तो त्यांचे शब्द सुनेला गोड करून सांगायचा. बाईला त्यांनी बजावलं होतं, "मी म्हणेन तेच सांगायचं. पदरचं काही घालायचं नाही." तेव्हापासून आबांनी सुनेला शिवी दिली, तर बाई खाली बघत शिवीच सांगे. सून आधी भडकली. मग शेजारणींना सांगू लागली, "काही म्हणा, आमची बाई खोटं बोलत नाही हं."

"मत तोंडीच हवं," अध्यक्ष म्हणाले. "आजारी सदस्याच्या वतीने सोबतच्या माणसाने बोलून दाखवलं तर चालेल. कुणाची हरकत?"

"कसली हरकत!" पक्षनेते उठून खुर्चीपाशी आले. "बाई म्हणजे आबांची जीभच." त्यांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि आबा आजवर पक्षाच्या शब्दाबाहेर गेलेले नाहीत."

आबांनी त्या हाताकडे पाहिलं. मग डोळे वर करून बाईकडे. बराच वेळ पाहत राहिले. ओठ हलले. घरघर झाली.

बाईला ती स्वच्छ कळली. रुमाल धरलेला तिचा हात तसाच अधांतरी राहिला.

"काय म्हणाले आबा?" अध्यक्षांनी विचारलं.

सगळं सभागृह तिच्या तोंडाकडे बघत होतं. 'नाही' म्हणायला काय लागत होतं? कोण खोडून काढणार होतं? मान तर हलतच होती. तिच्या डोळ्यांसमोर मुलीचा पांढरा पडलेला चेहरा आला. तिने आबांकडे पाहिलं. त्यांची नजर तिच्यावरच खिळली होती. हा माणूस आपल्या भरवशावर जगतोय, तिला वाटलं. याच्याजवळ आता उरलंय काय, एवढा शब्दच ना? तोही आपणच चोरायचा?

"होय," ती म्हणाली. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाली, "होय म्हणाले."

बाकं दणादणा वाजली. पक्षनेत्यांनी तिच्यापुढे हात जोडले. "अशी इमानी माणसं हवीत हो या देशाला!"

तिने खुर्ची वळवली आणि ढकलत बाहेर नेली. लिफ्टपाशी आबांचा मुलगा थांबला होता. तेवढ्यात आबांच्या घशात पुन्हा घरघर सुरू झाली. या वेळी ती बराच वेळ चालली.

"काय म्हणतायत बाबा?" मुलाने विचारलं. "पाणी हवंय का?"

बाईने रुमालाची घडी घातली. मग सवयीप्रमाणे, पदरचं काही न घालता, तिने सांगितलं.

"म्हणतायत, 'मी होय म्हटलं तरी तू नाही असंच सांगशील, या भरवशावर होतो मी, पोरी.'"